घणाची एकोणीस रिळं

नाक मोडल्याचा आवाज कोरडा असतो आणि जबडा मोडल्याचा ओला, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. आमच्या शाळेत मार भरपूर होता, पण तो खाताना आवाजाकडे लक्ष द्यायला सवड नसायची. हे ज्ञान मला आतोबांकडून मिळालं, गेल्या वर्षी, एका गिटारवाल्याची जुनी रिळं ऐकता ऐकता.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वय बहात्तर, मान खांद्यातच संपलेली, आणि पंजे असे की त्यांनी चहाचा कप धरला की कप दिसेनासा होतो आणि चहा आपला आपणच तोंडाकडे निघालाय असं वाटतं. गावात त्यांना घण म्हणतात. आत्या म्हणते, "यांना तोंड दिलंय ते फक्त जेवायला. बोलायला हात दिलेत."

हात बोलायला लागले ते चौदाव्या वर्षी. त्यांचा बाप पट्ट्यानं मारायचा. रोज नाही, एक दिवसाआड. बाप नेमाचा माणूस होता. एका सकाळी आतोबांनी खाली येणारा पट्टा हवेतच धरला आणि सोडला नाही. बापानं ओढला, यांनी ओढला, आणि शेवटी बकलासकट पट्टा यांच्या हातात आणि बाप जमिनीवर. त्या दिवसापासून बापानं त्यांना मारलं नाही, आणि त्यांच्याशी तो बोललाही नाही.

पुढं गोदामात हमाली. तिथल्या मुकादमानं एका म्हाताऱ्या हमालाच्या कमरेत लाथ घातली, म्हणून आतोबांनी मुकादमाचे पुढचे दोन दात पाडले. नोकरी गेली. पण दात पडत होते तेव्हा समोरून नाचघराचा मालक चालला होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी बोलावणं पाठवलं आणि दारावर उभं केलं. लोकांना नोकरी शिफारसपत्रावर लागते, आतोबांना दातांवर लागली.

नाचघर म्हणजे एक लांबोडका हॉल. लाकडी जमीन, लोखंडी घडीच्या खुर्च्या, एका टोकाला गुडघाभर उंचीचं स्टेज. दर रविवारी दुपारी तिथं जॅझ वाजायचं. ऐकायला येणाऱ्यांत निम्मे कानांसाठी यायचे आणि निम्मे बाटलीसाठी. हे दुसरे निम्मे आतोबांच्या वाटणीचे. अकरा वर्षांत त्यांनी किती जणांना पायऱ्या न मोजता खाली पोचवलं, याची गणती नाही. एकदा त्यांच्या पोटात चाकूचं टोक गेलं. ते त्यांनी स्वतः उपसलं आणि ज्याचं त्याला परत केलं. कुठं परत केलं, ते आत्यासमोर सांगत नाहीत. एकदा मागून बाटली बसली. डावा कान तेव्हापासून नुसता शोभेचा.

अशा माणसानं जॅझ रेकॉर्ड करावं, हे मालकाच्या चिकटपणामुळं घडलं. त्यानं एक टेपचं मशीन आणलं. बँड येत नाही त्या दिवशी हीच टेप लावून लोकांना नाचवायचं, असा त्याचा बेत. मशीन ठेवलं स्टेजच्या बाजूच्या कोनाड्यात, कारण तिथं प्लग होता. आणि त्या कोनाड्यालगतच बाजूचं दार, जिथं आतोबा उभे राहायचे. वाजवणारे वाजवत असणार, वेटर प्यायलेले असणार. राहिला घण. मालकानं सांगितलं, पहिलं गाणं सुरू झालं की लाल बटण दाबायचं, मग आपल्या कामाला लागायचं. आतोबांनी ते तसंच केलं. जॅझच्या रेकॉर्डिंगचं त्यांचं सगळं शिक्षण एवढंच.

माइक एकच होता. तो गिटारवाल्यासमोर टांगला, कारण त्याचाच आवाज सगळ्यांत बारीक. हा गिटारवाला म्हणजे काडीमास्तर. सहा फूट उंच, अंगावर मांस म्हणून नाही, म्हणून काडी. गिटारच्या तारा नखांनी छेडायचा. त्याच्या उजव्या हाताची नखं वाढवून, घासून, बदामाच्या आकाराची केलेली असायची. हमालांच्या वस्तीत वाढलेल्या आतोबांनी असा हात पूर्वी पाहिलेला नव्हता. पहिल्या रविवारी त्यांना वाटलं, या माणसाला कुणीतरी जपलं पाहिजे. दुसऱ्या रविवारी त्यांना वाजवणंही आवडलं. मी एकदा विचारलं, आतोबा, तुम्हाला त्यात काय कळायचं? ते म्हणाले, "सूर ठोशासारखा यायचा रे. आपण ज्या क्षणाला तयार असतो, त्याच्या जरा नंतर. नाहीतर जरा आधी. तयार असतो तेव्हा कधीच नाही."

जॅझवर मी पुष्कळ वाचलंय. एवढं थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

मग तो रविवार आला. पुढच्या रांगेत कारखान्यातले चार बॉयलरवाले बसले होते, सकाळपासून भरलेले. मास्तरनं बाकीच्यांना मानेनं गप्प केलं होतं आणि तो एकटाच वाजवत होता, इतकं हळू की पेल्यातला बर्फ हलला तरी ऐकू यावा. चौघांना नाचायचं होतं. त्यांतला एक बाटलीचा गळा पकडून उठला आणि एक शब्द न बोलता स्टेजकडे निघाला. आतोबा मशीनजवळ, दहा पावलांवर. धावून पोचणं शक्य नव्हतं. हाताशी एक लोखंडी खुर्ची होती. ती त्यांनी उचलली आणि फेकली. खुर्ची बॉयलरवाल्याचा खांदा घासून पुढं गेली. त्यानंतर जे झालं त्याला नाचघरात नाच म्हणायचे. एका बॉयलरवाल्याचा हात कोपरातून उलटा झाला. दुसऱ्याचं कपाळ स्टेजच्या कडेवर तीनदा आपटलं. पहिल्याच वेळेला तो गप्प झाला होता, उरलेले दोन आतोबांचे स्वतःसाठी. तिसऱ्यानं त्यांच्या बरगड्यांवर बूट चालवला आणि तीन मोडल्या. चौथा खिडकीतून गेला; खिडकी बंद होती.

सगळं शांत झाल्यावर पाहिलं तर मास्तर आपल्या जागी बसलेला. गिटार मांडीवर, धड. आणि डाव्या हाताची चार बोटं अशी, की कुणीतरी दुसऱ्याची आणून घाईनं लावलीत. शेजारी पडलेली खुर्ची, आणि फुटलेली बाटलीही.

ती बोटं पुन्हा तारेवर आली नाहीत. मास्तर पुढं एका औषधांच्या कोठारात कारकून झाला. गाव म्हणालं, घणाच्या खुर्चीनं घात केला. आतोबांनी नाचघर सोडलं आणि लोहाराच्या कारखान्यात कामाला लागले. लोखंडाला मारलं तर ते कुणाची बोटं होत नाही. नाचघर बंद पडताना मालक रिळं फेकून देत होता, ती एकोणीसच्या एकोणीस यांनी उचलून घरी आणली. आत्यानं पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर ठेवली, बरोबर चुलीच्या वर, कारण तिथं उंदीर येत नाहीत.

आणि दर रविवारी आतोबा मास्तरकडे जाऊ लागले. डाव्या हाताला कात्री धरता येत नव्हती, म्हणून उजव्या हाताची नखं कापायला. मास्तरनं वाजवणं सोडलं होतं, नखांचा आकार सोडला नव्हता. जरा तिरकं कापलं गेलं तर शिव्या घालायचा. ज्या पंजानं निम्म्या गावाचे दात हलवले, तो पंजा एकोणतीस वर्षं, जीभ दातांत धरून, दुसऱ्याची पाच नखं बदामाच्या आकारात कापत होता.

या एकोणतीस वर्षांत आतोबांना एकाच गोष्टीनं उभं ठेवलं. बोटं मोडल्यावर चार महिन्यांनी मास्तरनं मशीन मागवून त्याच दुपारचं, म्हणजे एकोणिसावं रीळ लावलं आणि त्यांना शेजारी बसवलं. गिटार हळू वाजत होतं. मग एक फुसका ठोका ऐकू आला, लांबून आल्यासारखा. मग गिटार थांबलं. आणि मग धाड्‌दिशी खुर्ची. मास्तर म्हणाला, "ऐकलंस, घण्या? तुझ्या आधी एक आवाज आहे. वाजवणं तुझ्या आधी थांबलंय." म्हणजे बॉयलरवाल्याची बाटली आधी बसली. बोटांवर बसली, म्हणून आवाज दबका. खुर्ची नंतर आली. आतोबा म्हणतात, त्या दिवशी बरगड्या पहिल्यांदा दुखायच्या थांबल्या.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी दातांची डॉक्टर आहे. गावातले जे दात आतोबांनी अर्धवट सोडले होते ते तिनं पूर्ण केले, असं आत्या म्हणते. वडिलांचं वाजवणं लोकांपुढं यावं, असं तिच्या मनात आलं. रिळं आतोबांकडे. ती घरी आली, चहा घेतला, काका म्हणाली. आतोबांनी ट्रंक तिच्यासमोर आणून ठेवली आणि झाकणावर हात ठेवून एकच अट सांगितली: रेकॉर्डबरोबर जी पुस्तिका निघेल, तिच्यात छापायचं, की मास्तरची बोटं घणाच्या खुर्चीनं मोडली नाहीत, त्याआधी एक ठोका आहे आणि वाजवणं खुर्ची आदळायच्या आधीच थांबलं होतं. गावानं एकदा वाचावं, मग मरायला मोकळा. डॉक्टरीणबाईनं कप बशीत ठेवला. मग म्हणाली, छापते.

मी ज्या खोलीत काम करतो तिथं बस-स्थानकाच्या सूचना आणि साबणाच्या जाहिराती रेकॉर्ड होतात. दोन खोल्या, मध्ये काच, भिंतींना जाड कापड. जुनं टेपचं मशीन मी दुरुस्त करून ठेवलेलं होतं. तीन आठवडे, दुपारी दोन ते पाच, आम्ही दोघं रिळं ऐकत बसलो. मी गिटार ऐकत होतो. आतोबा उजवा कान स्पीकरला लावून बाकीचं ऐकत होते.

खरं सांगायचं तर रेकॉर्डिंग भिकार आहे, आणि अप्रतिम आहे. गिटार इतकं जवळ की बोट तारेवरून घसरताना चरचर ऐकू येते, मास्तरचा श्वास ऐकू येतो. बाकी बँड लांब. ढोल शेजारच्या घरातले वाटतात, मोठं व्हायोलिन म्हणजे कुणीतरी जड माणूस माडीवर फेऱ्या मारतोय. मागं पंख्याची सततची घरघर. बाराव्या रिळावर सगळा सूर डुलतो, गिटार झोकांड्या खातं. मी म्हटलं, मास्तर त्या दिवशी घेऊन बसले होते वाटतं. आतोबा रागावले. मास्तर पीत नसे, मशीन प्यायलं होतं. कुणीतरी त्याच्यावर पेला उपडा केला होता.

चौथ्या रिळावर एक लांब एकल वादन आहे. मास्तर एकाच सुराभोवती फिरतो, फिरतो आणि तो सूर काही देत नाही. मी डोळे मिटून होतो. आतोबा कुजबुजले, "आता येईल." मला वाटलं, सूर. धप्प असा आवाज आला. "खांदा," आतोबा समाधानानं म्हणाले. "निखळला. शिंपी होता बिचारा, महिनाभर गावाला बटणं लावायला कुणी नव्हतं."

असं सगळीकडे. सहाव्यावर जबडा, नवव्यावर नाक आणि लगेच दुसरं नाक. दोघे भाऊ होते. त्यांनी मला शिकवलं, थप्पड माइकवर मोठी वाजते पण पोकळ असते. पोटातला ठोसा जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यानंतरचा श्वास ऐकू येतो. टेबल कुठलं, खुर्ची कुठली, तेही ओळखायचे. ही दाराजवळची, हिची पाठ तुटकी. मी चेष्टेनं म्हटलं, आतोबा, खुर्च्यांनाही नावं ठेवली होती का? ते म्हणाले, अकरा वर्षं मीच त्या घडी करत होतो.

सातवं रीळ सगळ्यांत स्वच्छ. त्या रविवारी पंखा बंद होता, त्यामुळं घरघर नाही. मास्तर इतकं सुंदर वाजवतो की साबणाच्या जाहिराती रेकॉर्ड करण्यात आयुष्य घालवल्याची लाज वाटावी. फक्त मध्येच टप, टप, टप असं काहीतरी गळतं. छपरातून असेल म्हणून मी ते काढून टाकायला निघालो. आतोबांनी हात धरला. "राहू दे. माझं नाक आहे. टेप संपली का बघायला वाकलो होतो."

एकोणिसाव्या रिळाच्या दिवशी डॉक्टरीणबाई दवाखाना बंद ठेवून आली. आतोबांनी नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती, जणू मुलगी बघायला निघालेत. रीळ लावलं. गिटार सुरू झालं, एकटं, हळू. मग तो फुसका ठोका. मग गिटार थांबलं. मग धाड्. आतोबांनी आमच्याकडे असं बघितलं, की बघा, सांगत नव्हतो?

इथं मी शहाणपणा केला. मला वाटलं, हा फुसका ठोका जरा मोठा करून दाखवावा. बाटलीच आहे हे स्पष्ट झालं तर पुस्तिकेत ठणकावून छापता येईल. तसं मी बोललो. डॉक्टरीणबाई पटकन म्हणाली, "नको. आहे तसं पुरे. मी छापते म्हटलंय ना." तिचा आवाज जरा जास्तच घाईचा होता. पण मला हातातली बटणं दिसत होती, माणसं दिसत नव्हती. आतोबा म्हणाले, कर, कर मोठा. त्या हलकटाची बाटली मलाही एकदा नीट ऐकू दे.

मी पंख्याची घरघर खाली घेतली, तेवढा तुकडा संगणकावर उतरवून वेगळा केला, दहा पट मोठा केला आणि लावला.

टक्-धाड.

आतोबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं; कुणीतरी ते उचलायला विसरल्यासारखं. ते म्हणाले, पुन्हा लाव. मी लावलं. टक्-धाड. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, मग स्पीकरपासून कान बाजूला घेतला.

"ही तीच खुर्ची आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, आतोबा, खुर्ची नंतर येते. मी तो दुसरा, मोठा आवाज लावून दाखवला. टक्-धाड. मग पहिला. टक्-धाड. एक मुंगी आणि एक हत्ती, पण चाल तीच.

"तिचा मागचा डावा पाय ढिला होता," आतोबा शांतपणे म्हणाले. "आदळली की आधी पाय लागायचा, मग अंग. दुसरी कुठली अशी वाजत नव्हती. एक खुर्ची मी दोनदा नाही फेकली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझी जीभ अशी की प्रकाश पडल्यावर गप्प बसत नाही. मी समजावून सांगायला लागलो. टेप रिळावर घट्ट गुंडाळलेली असते, थरावर थर. वहीत पेन्सिल दाबून लिहिलं की शेजारच्या पानावर उमटतं, तसा टेपवरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. मग वाजवताना तो खऱ्या आवाजाच्या एक वेढा आधी, दोनेक सेकंद आधी, बारीक ऐकू येतो. उष्णतेत ठेवलेल्या टेपवर जास्त. चुलीच्या वर तर विचारूच नका. त्याच रिळावर आधीचं गाणं ढोलाच्या दणक्यानं सुरू होतं. तिथं जाऊन बघितलं तर त्याच्याआधीच्या शांततेतही तोच दणका, तेवढ्याच अंतरावर, पुसट. म्हणजे पहिला ठोका असा नव्हताच. ते खुर्चीचंच भूत होतं. मी हे सगळं उत्साहानं सांगत होतो. गावच्या शाळेत मला विज्ञानात पहिला नंबर मिळाला होता, तो मी त्या दिवशी वसूल केला.

आतोबा ऐकत होते. मग त्यांनी डावा हात माझ्या टेबलाच्या कडेवर पसरून ठेवला, बोटं फाकवून, जसा लोहार लोखंड ऐरणीवर ठेवतो. उजव्या हातानं माइकचा स्टँड उचलला. त्याला खाली ओतीव लोखंडाची चकती असते, वजनाला पाचेक किलो. मी अजून ढोलाच्या दणक्यावरच होतो. डॉक्टरीणबाई ओरडली नाही, तिनं झेप घातली. दाढा उपटणारा हात आहे तो. मनगट धरलं आणि सोडलं नाही. बहात्तर वर्षांचा घण आणि ती, दोघं त्या स्टँडला लटकले. खुर्ची उलटली, मशीनवरचं रीळ उडून भिंतीवर आदळलं, मी मध्ये पडलो आणि आतोबांच्या कोपरानं माझा ओठ फाटला. स्टँड खाली आलाच. पण तिनं तो ओढला होता, त्यामुळं चार बोटांऐवजी दोनांवर आला, करंगळी आणि शेजारची.

तो आवाज कोरडा होता.

 आतोबांनी दुसऱ्यांदा स्टँड उचलला, आणि तेव्हा तिनं त्यांच्या थोबाडीत मारली. सबंध गावात घणाच्या थोबाडीत मारणारं माणूस, बापानंतर तीच. माइकवर ती थप्पड मोठी वाजली असती, पण पोकळ नसती.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली.

स्टँड खाली आला, या वेळी जमिनीवर.

तिनं माझ्या टेबलावरच्या पट्टीचे दोन तुकडे केले, आतोबांची मोडलेली बोटं त्यात धरून आपल्या ओढणीनं बांधली, आणि बांधता बांधता सगळं सांगितलं. बाबा तरुणपणी सहा वर्षं रेडिओवर वाजवत होते. टेपवरचं भूत त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं. गिटार खुर्चीच्या आधी का थांबलं, तेही त्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच थांबवलं होतं. घणानं खुर्ची उचललेली त्यांना दिसली, ती येतेय हेही दिसलं, आणि त्यांनी तारेवरचा हात काढून गिटारच्या आडवा धरला. गिटारवर आजही एक ओरखडा नाही. दिवाणखान्यात टांगलेलं आहे.

"मग माझ्याशी खोटं का बोलला मास्तर?" आतोबांनी विचारलं. 

"मला म्हणाले होते, घण्याला खरं कळलं तर तो एक तर यायचा बंद होईल, नाहीतर स्वतःचा हात मोडून घेईल. दोन्ही मला परवडणार नाही. नखं कोण कापणार?" तिनं ओढणीची गाठ जोरात आवळली. "आणि बघा. ऐकलं कुणी?"

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मी फाटका ओठ पुसत राहिलो.

तिनं सांगितलं, पुस्तिकेत तुमचंच छापणार, बाबांचीही तीच इच्छा होती. आतोबांनी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग मला म्हणाले, लिहून घे, शहाण्या. त्यांनी दोन वाक्यं सांगितली आणि पुस्तिकेत ती जशीच्या तशी आहेत: शेवटच्या रिळावरची खुर्ची मी फेकली. मास्तरनं हात मध्ये घातला, म्हणून गिटार वाचलं. खाली त्यांचं खरं नाव आहे, जे गावात कुणाला माहीत नव्हतं. लोक अजून विचारतात हा कोण.

राहिला प्रश्न सफाईचा. पुसटसा पहिला ठोका हा टेपचा दोष आहे, मी तो दहा मिनिटांत पुसून टाकू शकतो. काढू का, म्हणून मी घरी जाऊन विचारलं. आत्या त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती आणि बोलत होती, की एकोणतीस वर्षं दुसऱ्याची नखं कापली, मला मेली कधी सुईत दोरा ओवून दिला नाही, आणि आता बटणांपासून सगळं माझ्याच गळ्यात.

आतोबांनी तिला बोलू दिलं. मग म्हणाले, "मोठा आवाज माझा आहे, तो तर राहणारच. छोटा मास्तरनं मला दिलेला आहे. त्याला हात लावलास तर उजवा हात अजून धड आहे, ध्यानात ठेव."

मी हात लावला नाही. रेकॉर्ड निघाली. जाणकारांपैकी एकानं लिहिलं, वादन थोर, पण शेवटच्या तुकड्यात एक पुसट ठोका राहून गेलाय, तो सफाई करणाऱ्याच्या कानावरून निसटलेला दिसतो. मी ते आतोबांना वाचून दाखवलं. त्यांनी त्या माणसाचा पत्ता विचारला. मी दिलेला नाही.